आण्णाप्पा मेस्त्रींचा ठिपका

निपाणी सोडून तवंदी घाटाकडं निघालं की हायवेच्या डाव्या अंगाला एक पत्र्याचं शेड लागतं. त्यावर पाटी नाही. चौतीस वर्षांत आण्णाप्पा मेस्त्रींना पाटीची गरज कधी भासली नाही, आणि कुणी पाटी लावा म्हटलंच तर ते खेकसायचे, "गाडी बंद पडल्याला माणूस वाचत बसतोय व्हय?"

मोटारसायकल दुरुस्त करणारे निपाणीत कमी नाहीत. पण आण्णाप्पांची एक रीत होती. दुरुस्त झालेली गाडी ते तशीच कुणाच्या हातात देत नसत. मालकाला मागं बसवायचं, तवंदीच्या पायथ्याला जायचं आणि तिसऱ्या गिअरमध्ये, जोर न सोडता गाडी वर काढायची. वाटेत एक अक्षर बोलायचं नाही. मालकानं तोंड उघडलं तर गाडी तिथंच थांबवून त्याला खाली उतरवत. आण्णाप्पांचे कान तेवढा वेळ इंजिनात असत. वर पोचल्यावर खिशातून नेलपॉलिशच्या कुपीएवढी रंगाची बाटली निघे आणि टाकीच्या झाकणाच्या खाचेत पांढरा ठिपका पडे. एक ठिपका म्हणजे या गाडीला साधं पेट्रोल चालतं. दोन ठिपके म्हणजे भारी, पंच्याण्णव ऑक्टेनचंच घालायचं. याला सगळा मुलूख 'घाटपास' म्हणायचा. निपाणीपासून पार हत्तरगीपर्यंतच्या पंपांवर नळी धरणारी माणसं आधी ठिपका बघत आणि मग मालकाला विचारत. बऱ्याचदा विचारतही नसत.

तरण्या पोरांचा आण्णाप्पांना भारी राग. शंभर सीसीची गाडी घेऊन यायचं आणि भारी पेट्रोल भरलंय म्हणून मिरवायचं! "ताकद वाढती म्हणं," असं कुणी म्हणालं की त्यांचं डोकं फिरायचं. "अरं, ऑक्टेनचा आकडा म्हणजे ताकद न्हवं, सोसायचा आकडा हाय त्यो. आत दाब पडला तरी वेळंआधी पेटायचं न्हाय, एवढंच त्याचं काम. तुझ्या गाडीत दाबच न्हाय, तर ते सोसतंय काय, कपाळ?"

खरं भय उलट्या चुकीचं असतं. दाबाच्या गाडीत साधं पेट्रोल पडलं की ते ठिणगीला न जुमानता आपल्या मनानं पेटतं आणि इंजिन आतून टकटकायला लागतं. पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा बारीक आवाज, आणि तोही चढाला, जोर लागला की. त्याकडं दुर्लक्ष केलं तर पिस्टनला भोक पडतं, नाहीतर गाडी धावता धावता जाम होते आणि मागचं चाक जागच्या जागी धरतं. आण्णाप्पांनी अशी एक गाडी तवंदीत आडवी पडलेली पाहिली होती. मागं ट्रक होता. त्यानंतर ते पंधरा दिवस शेडकडं फिरकले नव्हते, आणि घाटपासची रीत तिथून सुरू झाली होती.

तर हा आवाज ओळखणं हीच आण्णाप्पांची सगळी मिळकत. पुस्तकात न वाचता, यंत्र न लावता, नुसत्या कानानं. ती मिळकत एका मंगळवारी सकाळी, साडेनऊच्या सुमाराला गेली.

गिऱ्हाईक होता नागेंद्र, संकेश्वरकडचा बस कंडक्टर. घरात कन्नड बोलणारा, पण मराठीत आण्णाप्पांशी भांडण्याइतका तरबेज. त्याची तक्रार एकच, चढाला गाडी टकटकते. आण्णाप्पा त्याला मागं बसवून घाट चढायला लागले. अर्ध्यात नागेंद्र ओरडला, "ह्ये बगा, आलं! आत्ता! ऐकलंत?"

आण्णाप्पांनी गाडी थांबवली. "उतर. बोलायचं न्हाय म्हटलंतं ना?"

"पण मेस्त्री, वाजलं की!"

"काय बी वाजल्यालं न्हाय. तुझ्या मनात वाजतंय."

दोघं शेडवर परतले तेव्हा नागेंद्र रागानं फणफणत होता. चढताना त्यानं मोबाईल इंजिनाजवळ खाली धरून आवाज भरून घेतला होता. तो त्यानं मोठ्यानं लावला. आण्णाप्पांनी मोबाईल कानाला लावला. वारा होता, इंजिनाची घरघर होती, एका ट्रकचा हॉर्न होता. बस्स.

"कुठाय?" ते म्हणाले.

शेडला लागूनच त्यांचं घर. दारात जयाबाई, त्यांची बायको, तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "अवो, ते काय हरभरं हलवल्यागत वाजतंय की."

आण्णाप्पांनी तिच्याकडं पाहिलं. मग नागेंद्रकडं. तो हसत नव्हता, आणि तो हसला असता तर बरं झालं असतं.

"परत लाव," ते म्हणाले.

परत लावलं. जयाबाईनं तांदळातून बोट वर केलं आणि आवाज आला की ते हलवून दाखवलं. आता. आता. हे बघा, आता. आण्णाप्पा बायकोच्या बोटाकडं बघत होते आणि त्यांच्या कानात नुसता वारा वाहत होता.

एकेक गोष्ट मग आपोआप जुळत गेली. नवा मोबाईल वाजतच नाही म्हणून दुकानदाराशी घातलेला वाद. गाड्यांचे इंडिकेटर हल्ली बीप करत नाहीत म्हणून कंपन्यांना दिलेल्या शिव्या. जयाबाई वर्षभर म्हणत होती, कानाच्या डॉक्टरकडं चला, आणि ते म्हणत होते, तू मोठ्यानं बोल. मोठे आवाज सगळे येत होते. बारीक तेवढे गेले होते, आणि त्यांचं पोट नेमकं बारीक आवाजावर चालत होतं.

ते मटकन स्टुलावर बसले. आणि दुसऱ्याच क्षणी उठले.

"सन्मती," ते म्हणाले. "सन्मतीची लाल गाडी!"

सन्मती हा जवळच्याच गावातला शेतकरी घरातला पोरगा. त्यानं जुनी दोनशे सीसीची गाडी घेतली होती, मुळातच दाबाची. तिचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, वाकलं होतं. आण्णाप्पांनी ते लेथवर घासून आणून बसवलं. हेड घासलं की आतली जागा कमी होते आणि दाब आणखी वाढतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. म्हणूनच काल संध्याकाळी त्यांनी घाट चढताना जीव कानात आणला होता. काही वाजलं नाही. खूश होऊन त्यांनी एकच ठिपका दिला होता. सन्मतीची आई, लक्ष्मीबाई, त्या वेळी शेडवर बसून होती. तिनं विचारलं होतं, "उद्या बेळगावला लेकीकडं जायचंय, बाळंतीण हाय. डिंकाचं लाडू घेऊन दोघं जातो. गाडी चालंल न्हवं?" आणि आण्णाप्पा म्हणाले होते, "आक्का, बिनघोर जावा."

बिनघोर. तो शब्द आता त्यांना विंचवासारखा डसला. दोन माणसं, लाडवांचा डबा, चैत्राचं ऊन, तवंदीचा चढ, आणि बेळगावच्या अलीकडं वंटमुरीचा घाट.

त्यांनी सन्मतीला फोन लावला. उचलला नाही. गाडीवरचा माणूस फोन उचलेल कसा? मग संकेश्वरच्या पुढच्या पंपावर काम करणाऱ्या मालुबाईला लावला. मालुबाई त्यांच्या ठिपक्यांची जुनी जाणकार.

"लाल गाडी व्हय? मागं म्हातारी, मांडीवर डबा? आत्ताच गेली की. पाच मिनटं झाली."

"काय भरलंस?"

"एक ठिपका व्हता, साधं भरलं. टाकी फुल. त्यो पोरगा भारी घालू काय म्हणून विचारत व्हता. म्या म्हटलं, मेस्त्रींपेक्षा तुला जास्त कळतंय व्हय?"

आण्णाप्पांनी फोन ठेवला. जयाबाईनं काहीतरी विचारलं, ते त्यांनी ऐकलं नाही, म्हणजे ऐकू आलं होतं पण ऐकलं नाही. स्वतःची जुनी गाडी काढून ते निघाले.

एवढ्या वर्षांत आण्णाप्पांनी गाडी कधी जोरात चालवली नव्हती. त्या दिवशी चालवली. तवंदीच्या चढाला स्वतःच्या इंजिनाकडंसुद्धा त्यांचं लक्ष नव्हतं. संकेश्वर मागं पडलं. एका ठिकाणी रस्त्याकडेला घोळका दिसला आणि त्यांनी वेग कमी केला, पण तो उसाच्या रसाचा गाडा होता. यमकनमर्डीच्या अलीकडं एक ॲम्ब्युलन्स त्यांना ओलांडून बेळगावच्या बाजूला गेली. तिच्या मागं जाताना त्यांनी लहानपणापासून माहीत असलेल्या सगळ्या देवांची नावं घेतली, आणि लक्ष्मीबाई जैन म्हणून बाहुबलीलाही हात जोडले, म्हणजे एक हात. दुसरा ॲक्सिलरेटरवर होता. आणि मधेच एक हलकट विचार येऊन गेला, तोही सांगितला पाहिजे. त्यांच्या मनात आलं, गाडी कुठं बंद पडून उभी असली तर बरं, म्हणजे दुसराच काहीतरी बिघाड सांगून मोकळं होता येईल, कुणाला कळायचं नाही.

वंटमुरी घाटाच्या पायथ्याला चहाची टपरी आहे. तिथं लाल गाडी उभी होती. आण्णाप्पांनी ब्रेक मारला तशी मागची बस हॉर्न वाजवत अंगावरून गेली.

लक्ष्मीबाई बाकावर बसली होती, लाडवांचा डबा शेजारी. समोरचा चहा तसाच होता, साय धरलेला. सन्मती उठून आला.

"मेस्त्री, तुम्ही? तुमचा मिस्ड कॉल बघून तीनदा फोन केला, उचलला न्हाईसा."

फोन आण्णाप्पांच्या वरच्या खिशात होता. तीनदा वाजला होता म्हणे.

टपरीवर आणखी चारपाच जण होते. त्यातल्या दोघांनी मेस्त्रींना ओळखलं, एकानं रामराम केला. त्याच्याही गाडीच्या झाकणाला त्यांचा ठिपका असणार.

"एक नट सैल ऱ्हायलाय वाटतंय," ते म्हणाले. "ह्या गाडीवर घाट चढू नगंस."

"एवढंच व्हय?" सन्मती हसला. "मग आवळा की हितंच. पान्हा हायच तुमच्याजवळ."

"आणि पेट्रोल बदलाय पायजे."

"का? टाकी फुल हाय. तुम्हीच तर एक ठिपका दिलाय."

टपरीवाल्यानं स्टोव्हचा आवाज कमी केला. बाकावरचे लोक आता उघडपणे त्यांच्याकडं बघायला लागले होते. खोटं बोलून पेट्रोल बदलता आलं असतं, कदाचित. पण नव्या पेट्रोलवर गाडी वाजते की नाही हे ऐकणार कोण? परत त्यांचेच कान. परत एक ठिपका, परत बिनघोर.

"ठिपका चुकलाय," ते म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "गाडी वाजत असणार. मला ऐकू आलं न्हाय. मला... बारीक ऐकूच येत न्हाय, सन्मती. आज सकाळी कळलं."

सन्मती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. मागं कुणीतरी "आँ?" असं म्हणालं. रामराम करणारा माणूस हळूच आपल्या गाडीकडं वळून बघायला लागला. आण्णाप्पांना त्या क्षणी जमीन फाटावी असं वाटलं, आणि ती फाटत नाही याचा रागही आला.

मग लक्ष्मीबाई बोलली.

"मला ऐकू येत व्हतं की."

सगळे तिच्याकडं वळले. तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"तवंदी चढताना आख्ख्या वाटंनं वाजत व्हतं. टकटक, टकटक. मी पोराला म्हटलं. त्यो म्हणाला, मला तर हेल्मेटात काय ऐकू येत न्हाय, आणि मेस्त्रींनी पास केल्याली हाय. मग मला वाटलं, आण्णाप्पांच्या कानाला जे ऐकू आलं न्हाय, ते मला कसं ऐकू येईल? माझंच कान म्हातारं झालं असणार." तिनं चहा बाजूला सारला. "पण भ्या वाटलं. म्हणून हितं चहा पिऊ म्हटलं. चहा मला नकोच व्हता."

आण्णाप्पा तिच्या पायाशी बसले. इतकी वर्षं त्यांनी लोकांना मागं बसवून गप्प बसायला सांगितलं होतं. लोक गप्प बसायला शिकले होते.

"चुकलं, आक्का," ते म्हणाले. डोळे भरून आले तेही त्यांनी लपवलं नाही.

"रडायचं मागनं," लक्ष्मीबाई म्हणाली. "लेक वाट बघत असंल. आता काय करायचं ते करा."

हात कामाला लागले तेव्हा कुठं त्यांना श्वास आला. टपरीपासून लांब, स्टोव्हची धग लागणार नाही अशा जागी गाडी नेऊन त्यांनी टाकीची नळी काढली. साधं पेट्रोल जेवढं मावलं तेवढं स्वतःच्या टाकीत घेतलं, उरलेलं टपरीवाल्यानं दिलेल्या कॅनमध्ये. तळाला थोडं ठेवून ते सपाटीवरनं, गाडीला जराही जोर न देता, मागच्या पंपावर गेले आणि भारी पेट्रोल भरून आणलं. झाकण लावताना तो एकटा ठिपका त्यांना दिसला. त्यांनी तिकडं बघायचं टाळलं.

"भारी घातलंय. पण हेड घासलंय, दाब किती वाढलाय ते चढल्याशिवाय कळायचं न्हाय," ते म्हणाले. "घाटपास करावा लागंल."

"मी बसतो मागं," सन्मती म्हणाला.

"तू न्हाय. तुला सकाळी काय ऐकू आलं न्हाय." त्यांनी लक्ष्मीबाईकडं पाहिलं. हात जोडले. "आक्का, तुम्ही बसता? वाजलं की माझ्या खांद्यावर बोट मारायचं. एकदा वाजलं तर एकदा. लईच वाजायला लागलं तर मी तिथंच कडंला घेतो, पुढं न्हेणार न्हाय."

लक्ष्मीबाईनं क्षणभर विचार केला. मग डबा लेकाकडं देऊन पदर खोचला. "हळू चालवा म्हंजे झालं. आणि मी बोलले तर उतरवू नगासा."

ही मस्करी होती की टोमणा, हे आण्णाप्पांना कळलं नाही. दोन्ही असावं.

घाट सुरू झाला. दुसरा गिअर, तिसरा गिअर. सवयीनं त्यांनी मान खाली घालून कान इंजिनाकडं नेला, आणि मग आठवलं, तसाच वर आणला. ऐकायला काही नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष उजव्या खांद्यावर होतं. तिथं लक्ष्मीबाईची तर्जनी टेकली होती, हलकी, बांगड्यांच्या वजनानं जराशी दबलेली. मागून सन्मती त्यांच्या जुन्या गाडीवर डबा सांभाळत येत होता.

पहिलं वळण गेलं. बोट हललं नाही. उजवीकडून भरलेला ट्रक कण्हत वर चालला होता, त्याच्या धुरातून ते पुढं निघाले. ऊन मांडीला भाजत होतं. इंजिन तापलं होतं. वाजायचं तर आता वाजेल. त्यांनी जोर वाढवला. बोट हललं नाही. तरी त्यांना विश्वास वाटेना. तिला ऐकू येतंय ना? की ती पुन्हा गप्प बसली, मेस्त्रींना वाईट वाटायला नको म्हणून? "आक्का?" त्यांनी ओरडून विचारलं.

"हाय, हाय. ऐकतीय. गप बसा तुम्ही."

आणि तेवढ्यात, सगळ्यात उभ्या वळणावर, खांद्यावर टिचकी बसली. एक. दुसरी. त्यांनी जोर सोडला, गिअर खाली टाकला आणि गाडी हळूहळू वर घेत गेले. तिसरी टिचकी येईल म्हणून खांदा आखडला होता. ती आली नाही. वळण संपलं. चढ कमी झाला. माथा आला.

गाडी कडेला घेऊन त्यांनी बंद केली. लक्ष्मीबाई उतरली, गुडघे चोळले.

"दोनदा," ती म्हणाली. "त्या वळणावर, तुम्ही जोर केलासा तवा. बाकी एकदम साफ. सकाळच्यासारखं काय न्हाय."

सन्मती आला तसं आण्णाप्पांनी त्याला बजावलं, भारीच पेट्रोल, चढाला गिअर वेळेवर उतरवायचा, आणि परवा गाडी आणायची, हेडखाली जाड पॅकिंग घालून दाब कमी करून देतो, मजुरी घेणार नाही. मग रंगाची बाटली काढली. झाकण उघडलं. बुरुश ठिपक्याजवळ नेला आणि थांबले.

"देऊ काय, आक्का?"

"मला काय इचारताय?"

"पास तुम्ही केलीय."

तिनं मान हलवली आणि त्यांनी दुसरा ठिपका दिला. तो जरा वाकडा पडला. मायलेक बेळगावच्या दिशेनं गेले. लाल गाडी दिसेनाशी होईपर्यंत आण्णाप्पा माथ्यावर उभे होते. अर्ध्या तासानं फोन खिशात थरथरला. पोचलो, म्हणून सन्मतीचा. या वेळी त्यांनी हात खिशावरच ठेवला होता.

परतताना ते मालुबाईच्या पंपावर थांबले. दुपारची गर्दी होती, महाराष्ट्रातल्या गाड्याही कर्नाटकातल्या स्वस्त पेट्रोलसाठी रांगेत होत्या. मालुबाईनं एका काळ्या गाडीचं झाकण उघडलं, आत डोकावली आणि साध्या पेट्रोलची नळी उचलली.

"थांब," आण्णाप्पा म्हणाले. "ठिपका बघू नगंस. त्याला इचार, चढाला वाजतंय काय म्हणून."

मालुबाईला ती गंमत वाटली. काळ्या गाडीवरचा माणूस मात्र चांगलाच वैतागला.

"मेस्त्री, तुमचाच ठिपका हाय की ह्यो! गेल्या वर्षी तुम्हीच घाटपास केलासा."

"व्हय. मीच केला. वाजतंय काय?"

माणूस घुटमळला. रांगेतले लोक ऐकत होते. "वाजतंय थोडं," तो शेवटी म्हणाला. "पण तुम्ही दिलाय म्हणून..."

आण्णाप्पांनी त्याला पुढं बोलू दिलं नाही. ते गाडीवर वाकले आणि झाकणातला ठिपका नखानं खरवडायला लागले. रंग त्यांनी नेहमी चांगला वापरला होता. सहजासहजी निघेना.